लहान करून मिळणार नाही

घोडेगावात कोर्टाच्या गल्लीत सुमतीलाल शेठचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात पाटी एकच, शेठच्या हातची: ‘लहान करून मिळणार नाही.’ जेवढ्यास तेवढं मिळतं. मोठं तर शेठ हौसेनं करून देतात. पण कागद मूळच्यापेक्षा सूतभर जरी लहान करा म्हटलं, की मशीनवरचा हात उचलतात आणि पंख्याकडं बघत बसतात.

"शेठ, आधार कार्ड पाकिटात बसंल एवढं करा की."

"मोठं करून देतो, भाऊ. लहान न्हाई."

"मग पाकीट मोठं करून द्या."

"शेजारी चपलांचं दुकान हाय, तिथं इचार."

डोंगराकडच्या गावचे एक आजोबा जमिनीचा नकाशा एका पानावर मागायला आले आणि सतरंजीएवढा घेऊन गेले. एसटीत तो त्यांनी दोन सीटवर पसरला. कंडक्टर ओरडला, तर म्हणाले, "राव, पहिल्यांदाच चष्म्याबिगर बांध दिसला."

शेठ राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले, पण तीन पिढ्या इथल्याच. तिकडची भाषा लग्नातल्या आहेरापुरती. एकटेच असतात. लोकांचे ऑनलाइन फॉर्मही भरून देतात. फॉर्म भरताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "रकान्याचं ऐकावं. त्यो काय इचारतो तेवढंच सांगावं, पण खरं सांगावं." एका नवरदेवाच्या बायोडाट्यात त्यांनी ‘व्यसन’ या रकान्यासमोर ‘तंबाखू, कमी करतो म्हणतो’ असं लिहिलं होतं. लग्न जमलं. मुलीचा बाप म्हणाला, एवढं खरं कुणी लिहीत नाही.

आता त्या पाटीचं कारण सांगतो. कारण मी आहे.

सोळा वर्षांपूर्वी मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षेच्या दिवसांत शेठच्या दुकानात गाईडची पानं बोटाएवढी करून मिळायची. मी व्यापारी कायदा या विषयाची करून घेतली. जास्त मजकूर मावावा म्हणून म्हणालो, "शेठ, अजून बारीक." शेठनी अजून बारीक केली. परीक्षेत मोज्यातून काढली तर माझी मलाच वाचता येईना. म्हणून खिडकीकडं उजेडात धरली. खिडकीच्या पलीकडं भरारी पथक उभं होतं.

सगळे पेपर रद्द, वर एका परीक्षेची बंदी. शेठ दोन दिवस अर्धं शटर ओढून पोलिसांची वाट बघत बसले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटी लागली. त्यांनी मला काउंटरच्या आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "माझं नाव न्हाई घेतलंस तू." त्या दिवसापासून आतलं स्टूल माझं. तिथं दुसरं कुणी बसत नाही.

खरं म्हणजे मला कुणी नाव विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी दुकानाच्या पत्त्यासकट सांगितलं असतं. पण आयता मोठेपणा मिळत असताना खुलासा कोण करतो?

पुढं बी.कॉम. झालो आणि एका वकिलाचा कारकून झालो. दुसऱ्याच्या काळ्या कोटामागं फायली उचलत पस्तिशी ओलांडली. शेठ मला ‘वकीलसायब’ म्हणायचे. थट्टेत असेल म्हणून मी हसायचो. पण त्यांनीच मला एलएल.बी.च्या सीईटीला बसवलं, आणि मी पास झालो. पुण्यातल्या एका कॉलेजात जागा दिसत होती. तेवढा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म भरायचा राहिला. त्यात एक रकाना होता: ‘परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल पूर्वी कारवाई झाली आहे काय?’

"होय," शेठ टाइप करायला लागले.

मी त्यांचा हात धरला. "शेठ, सोळा वर्षं झाली. कोण बघतंय?"

"रकाना इचारतोय."

"नाय म्हणा की त्याला."

"वकील व्हायला निघालायस ना? मग पैलीच साक्ष खोटी?"

मी म्हणालो, विचार करून येतो. आणि विचार न करता मंचरच्या एका सायबर कॅफेत जाऊन ‘नाही’ लिहून फॉर्म पाठवला. परत आल्यावर शेठनी विचारलं, "काय लिवलं?"

"होय लिहिलं, शेठ."

शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच. तेव्हा खरं बोललो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दोन आठवड्यांनी कॉलेजातून बोलावणं आलं. समोर तिघं बसलेले. मधल्या बाईंच्या हातात माझा फॉर्म आणि एक पत्र. पत्र इतकं मोठं होतं की टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबत होतं. ते पाहताक्षणीच कुणाच्या मशीनवरून आलंय ते मला कळलं.

शेठ दुकान बंद ठेवून, मला न सांगता, पत्र हातानं देऊन गेले होते. बाईंनी मोठ्यानं वाचलं: ‘या विद्यार्थ्यानं फॉर्मात होय लिहिलं आहे, ही गोष्ट लक्षात घ्यावी. चिठ्ठी लहान करून देणारा मी. त्यानं माझं नाव घेतलं नाही. तरी निम्मा दोष माझ्याकडं लावून त्याला प्रवेश द्यावा.’

मग त्यांनी माझा फॉर्म माझ्याकडं फिरवून त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"कॉपीचं आम्ही सोडून दिलं असतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही विशीत होतात. हे मात्र तुम्ही दोन आठवड्यांपूर्वी लिहिलंय."

शेजारच्या सरांनी पत्राची नीट घडी घातली. माझ्या फॉर्मापेक्षा ते पत्रच त्यांना जपून ठेवावंसं वाटलं असावं.

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. शेठ काउंटरवर पेढ्यांचा पुडा ठेवून बसले होते.

"काय म्हनले?"

"जागा भरल्या, शेठ. उशीर झाला."

त्यांनी पुडा काउंटरखाली सरकवला.

जैनांच्या संवत्सरीला, म्हणजे उपास करून क्षमा मागायच्या दिवशी, शेठ दरवर्षी पहिले माझ्या दारात येतात. हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर, असा त्याचा अर्थ. मी दरवर्षी चहा पीत पीत ‘असू द्या हो’ म्हणायचो. या वर्षी दुपारपर्यंत ते आले नाहीत. मीच गेलो. दुकान बंद होतं, बाजूच्या दारानं आत शिरलो. शेठ उपाशी, बंद मशीनशेजारी बसलेले.

"कसं येऊ तुझ्या दारात?" ते म्हणाले. "कॉलेजातून फोन आला व्हता, तू ‘न्हाई’ लिवल्यालं कळलं. पत्रावर माझा नंबर व्हता ना. माझ्याच पत्रानं घात झाला तुझा. आन् मला वाईट वाटू नये म्हनून तू जागा भरल्या म्हनलास. दुसऱ्यांदा वाचवलंस मला."

एवढं ऐकल्यावर मात्र मला पुढचा मोठेपणा घेववेना.

"शेठ, पहिल्यांदाही नव्हतं वाचवलं. मला कुणी तुमचं नाव विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

सोळा वर्षं ज्याच्यासाठी स्टूल राखलं, तो माणूस आपल्यासमोर कधी नव्हताच, हे कळायला किती वेळ लागतो मला माहीत नाही. शेठ उठले. मला वाटलं, आता काउंटरच्या बाहेर काढतील. त्यांनी फडक्यानं स्टूल पुसलं आणि पुढं ओढलं.

"बस. पुढच्या वर्षी फॉर्म परत भरायचा. आता दोनदा होय लिवावं लागंल. कॉपी केली, होय. फॉर्मात खोटं लिवलं, होय."

"आणि हे आत्ता कबूल केलं ते, शेठ? तिसरं?"

शेठ पंख्याकडं बघत राहिले. पंखा बंद होता.

"त्याला रकाना न्हाई. ते माझ्याकडं ऱ्हाऊ दे."