भिंतीतलं काहीतरी

"भूत दाखवायचंच नाही! दाखवलं की संपलं!" काळोख्याने इमारतीच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं.

"मग लोकांनी बघायचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"दार. जिना. भिंत."

"ते आमच्या घरी आहे."

काळोख्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण झपाटलेल्या घरांचे जुने, काळे-पांढरे सिनेमे बघायला भर दुपारी पडदे ओढून बसणाऱ्या पोराला शेजाऱ्यांनी दुसरं काय म्हणायचं? नोकरी चष्म्याच्या दुकानात. म्हणजे दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून झटायचं आणि घरी येऊन, काहीच न दिसणं ही केवढी मोठी कला आहे, ते आईला समजावायचं! आई कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायची. वडील तेवढंही ऐकायचे नाहीत. ते प्लंबर. आवाज आला की माणसाने पाना घ्यावा, श्वास रोखून बसू नये, असं त्यांचं साधं मत होतं.

काळोख्याला तळमजल्याचा हॉल हवा होता, दर रविवारी दुपारी तीन ते पाच. तोच हॉल त्याच वेळेला कॅरमवाल्यांनाही हवा होता. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून निवाडा केला.

"एक रविवार तुला दिला. प्रेक्षकांतला एक माणूस जरी घाबरला, तरी वर्षभर हॉल तुझा. नाही घाबरला, तर कॅरम."

"फक्त एक?" काळोख्या हसला. "काका, तुम्ही अँब्युलन्स सांगून ठेवा!"

रविवारी त्याने खिडक्यांना काळं कापड ठोकलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून आत सोडलं. तेवीस जण आले. पहिल्या रांगेत आई आणि वडील. "पोराचा कार्यक्रम आहे, शर्ट तरी बदला" असं म्हणत आईने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं होतं. त्यांच्या शेजारी दुसऱ्या मजल्यावरचे सुतारकाका, मागे वायरमन. कडेच्या खुर्चीवर अध्यक्ष, मांडीवर वही, हातात पेन्सिल. घाबरणाऱ्यांची नोंद करायला! त्यांच्या शेजारी त्यांची बायको.

सिनेमा सुरू झाला. पियानो शिकवणारी एक बाई एका प्रचंड रिकाम्या घरात एकटी राहायला येते. पहिली दहा मिनिटं काहीही घडत नाही. काळोख्याने आनंदाने स्वतःचाच हात दाबला. वातावरण! याला म्हणतात वातावरण!

मग पडद्यावरचं दार आपोआप, हळूऽहळू उघडलं. कर्रऽऽ...

"बिजागरी," सुतारकाका म्हणाले.

"शूऽऽ!"

"शू काय? वरची बिजागरी सुटलीये. दार स्वतःच्या वजनाने उघडणारच. दोन स्क्रू बदला, जन्मात तोंड उघडणार नाही."

बाई दिवा लावते. दिवा लुकलुकतो, विझतो, पुन्हा पेटतो.

"न्यूट्रलची वायर लूज," मागून वायरमन.

"दादा, ती अशुभाची चाहूल आहे!" काळोख्या कळवळून म्हणाला.

"असेल ना! पण आधी न्यूट्रल बघून घ्या म्हणावं."

बाई अंधारात भिंत चाचपडत जिना चढते. थबकते. हात डोळ्यांसमोर धरते. हात ओला!

इथे दिग्दर्शकाला किंकाळी अपेक्षित असणार. अर्ध्या हॉलने त्याऐवजी "अरेरे!" असा सुस्कारा टाकला.

"आमच्या बेडरूमला अगदी अस्संच!" चौथ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. "वर कोणाचं बाथरूम आहे हिच्या?"

"बाथरूम नाही, मावशी. वर एक बंद खोली आहे. वीस वर्षं कोणी उघडलेली नाही!"

"मग तर गळणारच! वापर नसला की नळाचे वायसर वाळतात. हो ना हो प्लंबर?"

वडिलांनी गंभीरपणे मान डोलावली. सिनेमा सुरू झाल्यापासून त्यांना पटलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

मध्यंतरात काळोख्याने अध्यक्षांच्या वहीत चोरून डोकावून पाहिलं. घाबरलेले : शून्य. झोपलेले : दोन. कॅरमवाल्यांचा एक माणूस दारात उभा राहून हॉलची लांबीरुंदी पावलांनी मोजत होता.

आता एकच आशा होती. भिंतीचा प्रसंग! बाई पलंगावर झोपलेली, आणि भिंतीच्या आतून काहीतरी धपधपतं. काय, ते शेवटपर्यंत दिसत नाही. हा प्रसंग काळोख्याने आजवर अकरा वेळा पाहिला होता आणि अकराही वेळा त्याने पाय पलंगावर घेतले होते.

धप्.

काळोख्याने आवाज वाढवला. हॉल चिडीचूप.

धप्... धप्...

त्याने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मान एका बाजूला कलली होती. चेहरा ताणलेला. काळोख्याला भरून आलं. बाबा घाबरले! साक्षात बाबा!

वडिलांनी हात वर केला. "आवाज बंद कर."

"बाबा, अहो, हाच तर—"

"बंद कर म्हणतो ना!"

त्याने आवाज बंद केला. पडद्यावर बाईने मूकपणे किंकाळी फोडली. आणि हॉलमध्ये आवाज आला, धप्.

हा सिनेमातला नव्हता.

कोणी हललं नाही. झोपलेले दोघेही जागे झाले. पुन्हा धप्. उजव्या भिंतीतून! वडील उठले, भिंतीपाशी गेले, तळवा टेकवला, कान लावला. बावीस जण त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते वळले आणि अध्यक्षांना म्हणाले, "गच्चीवरच्या टाकीचं काम कोणी केलं होतं हो?"

बस. एवढंच!

काम अध्यक्षांच्या मेहुण्याने केलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

"का?" अध्यक्षांचा आवाज थोडा वर गेला.

"काही नाही." वडिलांनी छताकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा छताकडे. "बघू."

काळोख्या थक्क झाला. शब्द नाही, पुरावा नाही, नुसती मान वर आणि 'बघू'! एवढे सिनेमे पाहिले, पण असं 'बघू' कोणाला जमलं नव्हतं!

एकेक जण छताकडे बघू लागला. मावशींनी आपली खुर्ची भिंतीपासून हळूच हातभर सरकवली.

"पण साधारण काय असेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"साधारण सांगून तुमची झोप कशाला उडवू?"

अध्यक्षांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"घाबरले!" वायरमन ओरडला. "अध्यक्ष घाबरले!"

"मी? छे! उकडतंय मला."

"पंखा तुमच्या डोक्यावरच आहे की!"

"घाबरलेच आहेत," अध्यक्षांची बायको शांतपणे म्हणाली. "एकतीस वर्षं बघतेय. घाबरले की यांचा डावा कान लाल होतो."

दिवे लावले गेले. सगळ्या हॉलने रांगेने येऊन कान पाहिला. टोमॅटोसारखा! अध्यक्षांना स्वतःच्या हाताने वहीत एकचा आकडा लिहावा लागला. वर्षभर हॉल काळोख्याचा! टाळ्या पडल्या, आईने कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. पडद्यावर ती बाई बिचारी एकटीच जिन्यावरून धावत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सोमवारी सकाळी, कोणी मेहुण्याचं नाव काढायच्या आत अध्यक्षांनी गवंडी बोलावला आणि उजवी भिंत फोडून घेतली. अख्खं कपाट मावेल एवढं भोक पडलं. आत मात्र काही सापडलं नाही. पाइप कोरडा ठणठणीत. ओल नाही, तडा नाही, काहीच नाही! टाकी तपासली, तीही उत्तम. तो आवाजही पुन्हा कधी आला नाही. हॉल मात्र प्लास्टर आणि रंगासाठी तीन महिने बंद. नंतर ते सहा झाले.

"बाबा, आत काय आहे असं वाटलं होतं तुम्हाला?" भोकासमोर उभं राहून काळोख्याने विचारलं.

"मी कुठे म्हटलं काही आहे?" वडील शर्टवरची धूळ झटकत म्हणाले. "टाकी कोणी केली, एवढंच विचारलं."

मग ते भोकात डोकावले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी सिनेमाबद्दल प्रश्न विचारला, "त्या पियानोवाल्या बाईच्या भिंतीत शेवटी काय निघालं रे?"

काळोख्याचा आनंद गगनात मावेना. "तीच तर गंमत आहे, बाबा! दाखवतच नाहीत! ती सकाळी बॅग उचलते आणि घर सोडून जाते."

"भिंत न फोडता?"

"भिंत न फोडता."

गवंड्याने आणखी दोन विटा खाली पाडल्या. वडील त्या विटांकडे बघत राहिले.

"शहाणी बाई," ते म्हणाले.