आठ नंबरातले देवरे

आमच्या मजल्यावर दोन देवरे राहतात. एक सात नंबरात, एक आठ नंबरात. दोघांचं नाक सारखं, चष्मा सारखा, डावा पाय किंचित ओढत चालणंही सारखं, कारण दोघे एकच आहेत. पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

मला ते कळलं एका वाटीमुळे. गंगापूर रोडवरच्या या सोसायटीत मी नऊ नंबरात राहायला आले, त्याच आठवड्यात सात नंबरातल्या सुमनवहिनींनी कळण्याच्या भाकरी आणि वाटीभर ठेचा पाठवला. वाटी परत द्यायला गेले तर सात नंबरात कोणी दार उघडेना. आठ नंबरातून पेटी ऐकू येत होती, म्हणून तिथली बेल दाबली. दार उघडलं देवरेभाऊंनी. आदल्याच दिवशी या भल्या माणसाने माझा गॅसचा सिलिंडर उचलून स्वयंपाकघरात ठेवून दिला होता.

“भाऊ, वहिनींची वाटी.”

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर ओळखीचा मागमूस नाही. “क्षमा करा, हा विषय पलीकडचा,” ते म्हणाले. “पलीकडे विचारावं. आपली ओळख?”

मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. समोरचा थापा मारतोय की खरं बोलतोय, ते मला फळ्याकडे तोंड असतानाही कळतं. हा माणूस थापा मारत नव्हता. भर सकाळी अंगावर काटा आला आणि मी वाटी घेऊन परत फिरले.

देवरे पेटीवर साथ करतात. गावोगावच्या बैठकांना जातात, नाव आहे त्यांचं. शेजारशेजारचे दोन फ्लॅट त्यांनी मुद्दाम घेतले, एक संसाराला, एक पेटीला. मधल्या भिंतीत दार काढून देतो असं बिल्डर म्हणाला, तर हे त्याच्यावर असे भडकले की त्याने पुन्हा विषय काढला नाही. त्यामुळे सातातून आठात जायचं तर पॅसेजमध्ये यावं लागतं. रोज नऊला भाऊ बाहेर येत, दार ओढून घेत, घरच्या चपला काढत आणि दोन दारांच्या मध्ये अनवाणी उभे राहत. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. तेवढा वेळ ते कोणीच नसत. डोळे उघडे, पण कशावर ठरलेले नाहीत. मी एकदा मुद्दाम चार पावलांवरून विचारलं, “काय भाऊ, आज भाजी काय?” पापणीसुद्धा हलली नाही. वरच्या मजल्यावरच्या बायका त्या वेळेला जिना सोडून लिफ्टने जात, त्यात मला काही नवल वाटत नाही.

मग दुसऱ्या चपला पायात जात आणि आठ नंबर उघडे. आतून येणारा आवाज निराळाच असे. सातात भाऊ सटाण्याकडची अहिराणी बोलत; आठात गुरुजी अशी मराठी बोलत, की वाटावं रेडिओवर बातम्या लागल्यात. मुलीच्या लग्नात पाहुण्यांनी आग्रह धरला, आता थोडी पेटी होऊन जाऊ द्या. वधूपिता शांतपणे म्हणाले, “वाजवनाराले आमंत्रन देयेल नही.”

निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे पेटी शिकायचं ठरवलं. गुरुजींनी वहीत माझं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि विचारलं, “राहणं कुठे?”

“नऊ नंबरात.”

“अरे वा. म्हणजे जाण्यायेण्याचा त्रास नाही.” हसले नाहीत. मीही हसले नाही, कारण हसू येत नव्हतं. त्याच संध्याकाळी सात नंबरात चहा पिताना मी गाऱ्हाणं केलं, “भाऊ, आठ नंबरातले गुरुजी फार कडक आहेत हो.”

भाऊंनी सहानुभूतीने मान हलवली. “मी बी ऐकं. मानूस खडूस शे म्हनतस.”

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांनी आठ नंबरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. का, ते त्यांनीच मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. भाऊ ज्या गुरूंकडे शिकले, त्यांचं गाणं आणि संसार एकाच खोलीत होते. सूर हाती लागला नाही की बायकोच्या पाठीत धपाटा बसायचा, आणि ती रडत असताना शिष्यांनी मान खाली घालून सुरांचे पलटे म्हणायचे. “यांनी लग्नाच्या दिवशीच सांगितलं, पेटीवरचा राग तुझ्यावर निघणार नाय. नाय निघाला. मी आपली भिंतीतून ऐकते. काय वाईट शे?”

साडेबाराला वहिनी त्या भिंतीवर लाटणं दोनदा आपटत. गुरुजी सुरावळ अर्धी सोडून पेटीवरचा हात उचलत. “पलीकडे कोणाच्या तरी जेवणाची वेळ झाली. आपणही थांबू.”

माघात वहिनी गेल्या. दुपारी जराशा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सात नंबरात भाऊ असे रडले की मला माझ्या घराचं दार लावून घ्यावं लागलं. पुण्याहून मुलगी आली, प्राची. तेरा दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी सकाळी नऊला आठ नंबर उघडलं. मला राग आला. तरी गेले, माणसाची काळजी वाटत होती म्हणून.

शिकवणी नेहमीसारखी चालली. गुरुजींनी माझी बोटं दोनदा दुरुस्त केली. साडेबाराला त्यांचा हात पेटीवरून उठला, मान भिंतीकडे कलली. “पलीकडे कोणाच्या तरी जेवणाची वेळ झाली.”

प्राची बाहेर गेली होती. सात नंबरला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण देवळाली कॅम्पहून एक बाई शिकायला येतात. महिनाभर त्या गावाला होत्या, त्यांना वहिनींचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या चपला घालताना मला म्हणाल्या, “आज लाटणं जरा हळू वाजलं, नाही?”

मी घरी येऊन पाणी प्याले आणि भर दुपारी दिवे लावून बसले.

त्यानंतर भाऊ सात नंबरात दिसेनासे झाले. आठ नंबर उघडायची वेळ सकाळी नऊची आठ झाली, मग सहा. रात्री झोपायला तेवढे येत. ताट तसंच परत जाई. प्राचीला त्यांना पुण्याला न्यायचं होतं, ते ऐकत नव्हते. वाळून चालले होते. शेवटी ती माझ्याकडे आली.

“मावशी, आई गेली हे आठ नंबरात त्यांना कोणी सांगितलंच नाहीये. म्हणून ते तिथे जाऊन बसतात. एकदा तिथे कळलं की तेही दार बंद होईल, मग येतील माझ्याबरोबर. तुम्ही सांगा. तिथल्या बाबांशी तुमचीच ओळख आहे.”

मला तिचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी मनाशी वाक्य जुळवून गेले. गुरुजी एकटेच होते. मी तोंड उघडणार, तोच तेच म्हणाले, “आपण याच मजल्यावर राहता म्हणून विचारतो. खरं तर मी विचारू नये. पलीकडच्या त्या बाईंना पेटीचा त्रास तर होत नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“ऐकतात का हो त्या?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नसणार. निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. जुळवलेलं वाक्य मी बाजूला ठेवलं. जाणूनबुजून चुकीचं उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं.

“ऐकतात,” मी म्हटलं. “रोज ऐकतात.”

त्यांनी पेटी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग जे वाजवलं, तसं मी त्यांच्याकडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मधेमधे ते थांबत, पलीकडून काही यावं तेवढा वेळ, आणि मग त्याला उत्तर द्यावं तसे पुढे जात. खोली थंड पडल्यासारखी वाटत होती. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत बसले. भिंतीकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

रात्री सात नंबरची बेल वाजवली. प्राचीला तोंड द्यायचं होतं. पण दार उघडलं भाऊंनी. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांनी मला आत या म्हटलं नाही.

“तुम्हले प्राचीनी धाडं व्हतं ना? आठ नंबरात?”

मी मान हलवली. त्यांनी चौकट घट्ट धरली.

“त्याले सांगं नही ना?”

“नाही, भाऊ. नाही सांगितलं मी.”

त्यांनी श्वास सोडला. मग पाणावल्या डोळ्यांनी, अगदी हळू आवाजात म्हणाले, “नका सांगू, ताई. आम्हां दोघांमातला एकना तरी शेजारे ती ऱ्हाऊ द्या.”