दोघांत मिळून एक कार्बाईन

"कार्बाईन एकच घ्यायची!" वर्लिन हॅगस्ट्रॉमने गुरुवारच्या कॉफीला जाहीर केलं. "पण अशी घ्यायची, की सव्वासहा फुटी नवरा आणि पाच फुटी डावखुरी बायको, दोघांनाही मापं घेऊन शिवल्यासारखी बसली पाहिजे. शनिवारी नेमबाजीच्या मॅचला तीच, आणि कोंबड्यांच्या खुराड्यापाशी कोयोटे आले तरी तीच!"

टेबलाभोवतीचे चारही म्हातारे कप खाली ठेवून त्याच्याकडे बघायला लागले.

"अशी मिळते का रे?" एकाने विचारलं.

"मिळत नाही! निवडावी लागते!"

आता कॅन्ससमधल्या आमच्या गावात असं छाती ठोकून कुणी बोललं की त्याचं पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वर्लिनला थांबवणार कोण? छत्तीस वर्षं त्याने गव्हाची कापणीयंत्रं दुरुस्त केली होती. जगातलं कुठलंही यंत्र आपल्यापुढे कान पकडून उभं राहतं अशी त्याची समजूत होती. निवृत्तीनंतर दुरुस्त करायला फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने दोन महिने कार्बाईनचा अभ्यास केला. जेवताना अभ्यास, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना अभ्यास. शेवटी रॉईसच्या बंदुकांच्या दुकानातून त्याने एक कार्बाईन उचलली, आणि खरं सांगायचं तर निवड झकास होती! आखूड, हलकी, पिस्तुलाच्या गोळीवर चालणारी, त्यामुळे खांद्याला धक्का कमी. आर्डिसच्या पिस्तुलाचं गोळ्यांचं मॅगझिन जसंच्या तसं हिच्यात बसायचं. खांद्याला टेकवायचा दस्ता मागेपुढे सरकायचा, आर्डिससाठी आत, वर्लिनसाठी बाहेर. सगळे खटके दोन्ही बाजूंना, म्हणजे डावखुऱ्या माणसाने कुणाचं मिंधं व्हायला नको. वर लाल ठिपक्याची काच. ठिपका निशाणावर ठेवायचा आणि घोडा दाबायचा.

पण हा एवढा खटाटोप वर्लिनने कार्बाईनसाठी केला नव्हता. तो केला होता आर्डिससाठी.

सहा वर्षांपूर्वी आर्डिस त्याच्याबरोबर मॅचला गेली होती. एकदाच. ती नेम धरून उभी, मागे बारा माणसं, आणि त्या बारांत हा! "आर्डिस, कोपर आत! श्वास सोड! अगं, सगळा नको सोडू! डावीकडे! तुझी डावी नव्हे, माझी!" आर्डिसने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, शांतपणे म्यानात घातलं आणि जाऊन पिकअपमध्ये बसली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर सहा वर्षं दर शनिवारी वर्लिन एकटा मॅचला जायचा आणि ती घरी गोधड्या शिवायची. मुलगी घरात होती तोवर हे खपून गेलं. मुलगी ओरेगनला गेल्यावर मात्र वर्लिनला शनिवार खायला उठू लागला. बायकोची आठवण येते म्हणावं, तर बायको घरातच! तरीही यायची, हे खरं.

म्हणून त्याने कार्बाईन तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि घसा खाकरला. "आर्डिस, ही आपल्या दोघांची. सप्टेंबरच्या मोठ्या मॅचला येशील?"

आर्डिसने चष्मा वर केला. दस्ता आत सरकवून बघितला, खांद्याला लावून बघितला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मागे उभा राहून बोलशील?"

"छे छे!"

"एक शब्द जरी ऐकू आला ना, तर मी पिकअपमध्ये जाऊन बसेन. आणि या खेपेला पिकअप घेऊन घरी येईन. तू ये चौदा मैल चालत."

"एक शब्दसुद्धा नाही!"

"बघू मग," आर्डिस म्हणाली. एवढ्यावरच वर्लिन आठवडाभर शीळ घालत हिंडला.

"पण एक आहे हं," तो म्हणाला, "मोठ्या मॅचपर्यंत शनिवारी मी पिस्तूलच नेईन, आणि तू हिला हात लावू नकोस. नेम मी लावून देतो. ते यंत्राचं काम आहे."

"बरं," आर्डिस म्हणाली.

बायको इतक्या चटकन "बरं" म्हणाली की नवऱ्याने सावध व्हायला हवं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात वर्लिन एवढंही शिकला नव्हता. त्याला जे माहीत नव्हतं ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. दर गुरुवारी हा कॉफीला बसला की आर्डिस तिजोरी उघडायची, कार्बाईन सांध्यापाशी उघडून तिचे दोन भाग गोधडीच्या पिशवीत घालायची आणि थेट रॉईसच्या दुकानामागच्या बंदिस्त रेंजवर जायची. बारा जणांसमोर पुन्हा फजिती व्हायला नको, म्हणून सराव! रॉईसचं तोंड बंद ठेवायला ती ताटभर सिनॅमन रोल न्यायची, आणि रॉईससारखा भला माणूस तेवढ्यावर आनंदाने विकला गेला होता.

वर्लिन सराव करायचा मंगळवारी, उघड्या माळावर, पंचवीस यार्डांवरून. रॉईसची रेंज होती दहा यार्डांची.

पहिल्या मंगळवारी वर्लिनने नेम लावला. गोळ्या नेमक्या मध्यावर! दुसऱ्या मंगळवारी जाऊन बघतो तर गोळ्या चार बोटं वर.

"स्क्रू ढिला," वर्लिन म्हणाला. त्याने काचेच्या डोक्यावरची चकती आठ टिचक्या फिरवून नेम खाली आणला आणि काच बसवलेले स्क्रू गोंद लावून घट्ट केले.

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा चार बोटं वर!

तो तडक रॉईसकडे गेला. "रॉईस, तू मला काय विकलंस? ही कार्बाईन वर चढते!"

"चढते?"

"दर आठवड्याला चार बोटं! तिजोरीत उभी असते, कुणी हात लावत नाही, आणि तरी चढते!"

रॉईसच्या तोंडात तेव्हा सिनॅमन रोलचा शेवटचा घास होता. त्याने तो बराच वेळ चावला. "कुणी म्हणजे कुणीच हात लावत नाही?" त्याने सावधपणे विचारलं.

"कोण लावणार? आर्डिसला मी सक्त सांगून ठेवलंय!"

"मग काय..." रॉईस छताकडे बघत म्हणाला, "मग हवामान असेल."

वर्लिनला ते पटलं! तळघरातल्या भट्टीची ऊब तिजोरीला लागते, असं त्याने ठरवलं. शंभर किलोची तिजोरी त्याने एकट्याने दुसऱ्या भिंतीला ढकलली आणि दोन दिवस कमरेला पट्टा बांधून फिरला. चौथ्या मंगळवारी कार्बाईन पुन्हा चढली. मग त्याने काच काढून कंपनीकडे पाठवली. दहा दिवसांनी ती परत आली, सोबत चिठ्ठी: "काचेत दोष नाही. वापरणाऱ्याने सूचना वाचाव्यात." वर्लिनने चिठ्ठी चुरगाळून फेकली आणि सूचनाही.

आता त्याने शेवटचं अस्त्र काढलं. न्हाणीघरातल्या कपाटात आर्डिसची नखांना लावायच्या गुलाबी रंगाची बाटली होती, फक्त ईस्टरला बाहेर निघणारी. त्या रंगाने त्याने नेमाच्या चकतीवर एक बारीक रेघ ओढली, निम्मी चकतीवर, निम्मी काचेच्या कडेवर. चकती केसभर जरी फिरली तरी रेघ मोडणार! "आता बघतो कोण चढतंय ते!"

गुरुवारी आर्डिसने पिशवी उघडली आणि ती रेघ पाहून तिचा जीव विरघळला.

"रॉईस, हे बघ!" ती म्हणाली. "माझ्या बंदुकीला माझा रंग लावलाय त्याने! चव्वेचाळीस वर्षांत या माणसाला पहिल्यांदा काहीतरी सुचलं रे!"

नेम तर तिला लावावाच लागला, कारण गोळ्या नेहमीप्रमाणे खाली पडत होत्या. चकती फिरली, रेघ मोडली. आर्डिसला वाईट वाटलं. पण पाव इंचाच्या शिवणी घालणारा हात तो! घरी येऊन तिने जुना रंग पुसला आणि नवी रेघ ओढली, नवऱ्याच्या रेघेपेक्षा सरळ.

मंगळवारी वर्लिनने भिंग लावून पाहिलं. रेघ शाबूत! मग गोळ्या झाडल्या. चार बोटं वर!

तो माळावर खाली बसला. चकती फिरलेली नाही, स्क्रू हललेला नाही, भट्टी लांब, काच निर्दोष. आणि तरी कार्बाईन चढते! छत्तीस वर्षांत एकाही यंत्राने त्याला असं पाण्यात पाहिलं नव्हतं. आणि मॅच आली होती चार दिवसांवर! हे असलं यंत्र तो आर्डिसच्या हातात देणार होता. बारा जणांसमोर तिच्या गोळ्या आभाळात जाणार, आणि मग ती पुढली सहा वर्षं काय, जन्मात येणार नाही.

पण वर्लिन हार मानणारा नव्हे. त्याने वही काढली. दर आठवड्याला चार बोटं, न चुकता. म्हणजे रोग पक्का, तर औषधही पक्कं! मंगळवारी नेम लावायचा. शनिवारपर्यंत चढायची तेवढी चढू दे. आणि शनिवारी निशाणाच्या चार बोटं खाली ठिपका धरायचा! स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की माळावर एकटाच हसला. आर्डिसला मॅचच्या सकाळी सांगायचं ठरलं.

मॅचच्या सकाळी पिकअपमध्ये त्याने तोंड उघडलं. "आर्डिस, एक सांगू का, ठिपका जरा..."

"चौदा मैल," आर्डिस म्हणाली.

वर्लिनने तोंड मिटलं.

खडीच्या जुन्या खाणीत मॅच मांडली होती. मातीचे बांध, बांधांमध्ये पुठ्ठ्याची माणसं, लोखंडी गोल तबकड्या, सगळी निशाणं दहा-बारा पावलांवर. प्रत्येक तबकडीच्या अगदी खाली एक पांढऱ्या पुठ्ठ्याचा माणूस. हा निरपराध. त्याला गोळी लागली की गुण कापले जातात. घड्याळ घेऊन रॉईस उभा होता. वर्लिनचा नंबर आधी, मग दोघं जण, मग आर्डिस, त्याच कार्बाईनवर.

"तयार?" रॉईसने विचारलं. घड्याळ वाजलं.

वर्लिनने पहिल्या तबकडीच्या चार बोटं खाली ठिपका धरला आणि घोडा दाबला. निरपराध गेला. असं कसं? त्याने पुन्हा धरलं, चार बोटं खाली, मोजून. त्याच निरपराधाला दुसरी गोळी! मागून कुणीतरी खाकरलं. वर्लिन पुढे सरकला. दुसरी तबकडी, दुसरा निरपराध. तिसरी, तिसरा. यंत्रावरचा विश्वास उडालेला माणूस स्वतःच्या गणितावर किती विश्वास ठेवतो हे त्या दिवशी गावाने पाहिलं. एकही तबकडी पडली नाही आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचा एकही माणूस जगला नाही.

"वर्लिन," रॉईस हळूच म्हणाला, "आठ निरपराध. या क्लबात आजवर कुणी..."

"मला माहीत आहे!" वर्लिन ओरडला. कार्बाईन रिकामी करून त्याने तिच्यात, रिकामी असल्याची खूण म्हणून, पिवळी झेंडी खोचली आणि घाम पुसला. त्याला स्वतःच्या फजितीचं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण आर्डिसचं जास्त होतं. कार्बाईन आज चढलीच नव्हती! मग आज ती कुठे मारतेय? वर, खाली, की देव जाणे कुठे? आणि दहा मिनिटांत ही आर्डिसच्या हातात!

आर्डिस पुढे आली. दस्ता आत सरकवला, पाय रोवले. मागे त्यांच्या तुकडीतली बारा माणसं टक लावून उभी. वर्लिनला राहवेना. सांगावं का? नुसतं "खाली धरू नकोस" एवढंच! चारच तर शब्द... म्हणजे तीनच! त्याने तोंड उघडलं. रॉईसने त्याच्याकडे वळून असे डोळे वटारले, की वर्लिनने डोक्यावरची टोपी काढली, तोंडात कोंबली आणि दात रोवले.

घड्याळ वाजलं.

ठण्! पहिली तबकडी आडवी. ठण्! दुसरी. वर्लिनचे डोळे विस्फारले. तिसरी, चौथी, पाचवी! आर्डिस घाई करत नव्हती, शिवण घालावी तशी एकेक टाका घालत चालली होती. आठही तबकड्या पडल्या. एकाही निरपराधाला ओरखडा नाही. टाळ्या झाल्या. वर्लिन टाळ्या वाजवत काहीतरी ओरडला, पण तोंडात टोपी असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही, आणि कळलं नाही तेच बरं झालं.

"हे... हे कसं?" टोपी काढून तो धापा टाकत म्हणाला. "ती चढते ना!"

"कोण चढते?" आर्डिसने विचारलं.

"कार्बाईन! दर मंगळवारी चार बोटं वर असते!"

"वर? काहीतरीच! दर गुरुवारी खाली असते. मी नीट करते ना तिला."

रॉईसला हसू आवरेना. तो बांधाला टेकून पोट धरून हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "अरे वर्लिन, काच वर, नळी खाली. डोळ्याची रेघ आणि गोळीची वाट, यांची गाठ आपण लावू त्या अंतरावर पडते. दहा यार्डांवर जुळवलं तर पंचवीसला वर, पंचवीसला जुळवलं तर दहाला खाली. दीड महिना तुम्ही दोघं एकमेकांचा नेम पुसताय! सूचनांच्या पहिल्याच पानावर असतं हे."

"आणि तुला माहीत होतं?"

"मी सिनॅमन रोल खाल्ले होते," रॉईस खाली मान घालून म्हणाला.

"आणि ती गुलाबी रेघ?" वर्लिनने क्षीण आवाजात विचारलं.

"ती मोडायची, मग मी पुन्हा काढायचे," आर्डिस लाजली. "तू इतक्या प्रेमाने काढली होतीस ना!"

वर्लिनने खरं सांगायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, ते मिटलं.

संध्याकाळी निकाल लागला. आर्डिस बावीस जणांत नववी. वर्लिनला शोधायला फार वेळ लागला नाही, त्याचं नाव कागदाच्या अगदी तळाशी होतं. पण परतताना तो असा खुशीत गाडी चालवत होता की बघणाऱ्याला वाटावं, हाच जिंकला! बायको शेजारी बसली होती आणि सारखी बोलत होती. अमुक तबकडी कशी पडली, तमुकची पावलं कशी चुकली, पुढच्या खेपेला बूट कुठले घालायचे. पुढच्या खेपेला!

"म्हणजे पुढच्या शनिवारी येणार तू?" त्याने भीत भीत विचारलं.

"म्हणजे काय! दर शनिवारी येणार." आर्डिसने मांडीवरच्या पिशवीवर थाप मारली. "वर्लिन, कार्बाईन मात्र अगदी लाखांत एक निवडलीस हं. मला इतकी छान बसते!"

वर्लिनची छाती दोन इंच फुगली. "सांगत होतो ना! मिळत नाही, निवडावी लागते!"

"हो ना," आर्डिस म्हणाली. "म्हणून आता तू स्वतःसाठी एक निवड."