लंका माफ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही कापूस वेचायच्या दिवसांत बुडायची. ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्या. उखाआप्पांबद्दल तोंडाने सांगायला जाते तेव्हा मी अडखळते आणि ऐकणारे दुसरंच काही बोलू लागतात, म्हणून लिहिते आहे.

सुरतेत उधन्याला आमच्या चाळीत आप्पा वरच्या खोलीत एकटे राहायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर दोन शिंगं होती. सासूबाई तापाने पडल्या होत्या, मी स्टोव्हवर चहा ठेवला होता, आणि दारात यम येऊन उभा राहिला. वर काळा शिंगांचा टोप, खाली बंडी आणि पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, हातात रिकामं पातेलं. यमाने मला विचारलं, "बाई, दूधवाला गया का?"

सासूबाईंनी डोळे उघडले आणि पडल्या पडल्याच हात जोडले. "थांब रे भो, च्या तं पी लेऊ दे."

"प्या ना माय, आरामशीर प्या," यम म्हणाला. "माले बी थोडा चाली."

आणि उंबऱ्यावर बसून, टोप न काढता, बशीतून चहा पिऊन आप्पा गेले. सासूबाईंना इतका घाम फुटला की ताप उतरला. पुढे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, यमाला मी चहा पाजून परत धाडला.

आप्पांचा धंदाच तसा होता. नाटकाचे आणि सोंगांचे कपडे भाड्याने देणारा एक शेठ स्टेशनकडे होता. त्याच्याकडचे टोप पत्र्याचे, नाहीतर कागदाच्या लगद्याचे. बाहेरून सोनेरी, आतून कडा टोचणाऱ्या. त्याच्या आत ज्याच्या त्याच्या डोक्याच्या मापाची गादी शिवून बसवायची, हे आप्पांचं काम. रामलीला, गणपतीचे देखावे, शाळेतली सोंगं, सगळ्यांचे टोप त्यांच्याकडे यायचे. गादी झाली की आप्पा तो टोप स्वतः दिवसभर घालून हिंडायचे. कर्णाच्या टोपात भाजी आणायचे, मावळ्याच्या टोपात नळावर रांगेत उभे राहायचे. "घाम आला की समजस," म्हणायचे. "कोरडं डोकं सगळ्यास्नं सारखं."

माणसाच्या तोंडाकडे ते बघतच नसत. बघायचे ते कपाळाच्या वर. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, डोक्यांची इंचांतली मापं राहत. माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, ते "साडेबावीस" म्हणायचे, आणि घरमालकाला, तो नसताना, "वीस". मालक लूमवर जाताना वरून हाक यायची, "काय साडेबावीस, आज रातपाळी का?" कोणी थापा मारायला लागला की आप्पा हळूच म्हणायचे, "तोंड खोटं बोलस, डोकं नही बोलस."

सगळ्या सुरतेत नायलॉनच्या साड्या, पण आप्पांना हवं असायचं सुती. डोक्याला नायलॉन लागलं तर त्यांना पाप वाटे. म्हणून खानदेशातून कोणी आलं की आप्पा विचारपूस करायच्या आधी विचारायचे, जुनं लुगडं आणलं का, जुनं धोतर आणलं का. लोक भाकरी-चटणी घेऊन यायचे आणि आप्पा त्यांच्या भाकरीचं फडकं मागून घ्यायचे. त्या कापडात रुई भरून संत्र्याच्या फोडीसारख्या सहा फोडी शिवायच्या, आणि वर मधोमध मोकळं ठेवायचं, वारा जायला. रावणाची नऊ डोकी पुठ्ठ्याची असतात, तरी एकदा त्यांनी शेठला विचारलं, त्या नवांचं माप कधी देता.

आमची त्यांची खरी ओळख मालकांना कावीळ झाली तेव्हा झाली. दोन महिने पगार नाही. दवाखान्याचे पैसे भरायचे होते आणि मी जिन्याखाली उभी होते. मागायला तोंड उघडत नव्हतं. आप्पा भीमाचा टोप घालून खाली उतरले, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आग लागेल डोकं शे तुन्हं. कितलं पाहिजे?" मी बोटांनी दाखवलं. त्यांनी वरून पंधराशे रुपये आणून दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. एवढंच म्हणाले, "आठवड्याले दहा देजो. शिवाले वर येत जा, शिवाईना पैसा येगळा."

मालक बरे झाले, लूमवर जाऊ लागले. ते म्हणायचे, "देऊन टाकू सावकाश. म्हातारा काय मागतोय?" पण मला ते पैसे टोचत होते. माझ्या आईने आयुष्यभर लोकांसमोर मान खाली घालून काढली, ती अशाच पैशांपायी. मी ठरवलं होतं, ह्या माणसाचे पूर्ण फेडायचे आणि वर मान करून बोलायचं.

फेडणं मात्र सोपं नव्हतं. मी पन्नासाची नोट नेली की आप्पा चप्पल घालून नाक्यावर जायचे, सुटे करून आणायचे आणि चाळीस परत द्यायचे. "दहा ठरेल शे ना? मग दहाच." मालक हसायचे, "त्यांना दहाच्या पुढे मोजता येत नसेल." ज्याला माणसाच्या डोक्यातला पाव इंच कळतो, त्याला मोजता येत नसेल का? मलाही कोडं पडायचं.

आप्पांची शाळा माझ्याहून कमी. म्हणून टोपाला लावायच्या चिठ्ठ्या मी लिहायची. कोणाचा टोप, माप किती. माझा हात थरथरतो. अक्षर संपलं तरी पेन्सिल पुढे जाते आणि शेपूट निघतं. आप्पा म्हणायचे, "चांगलं लिखस तू. जरा लांब लिखस, पण चांगलं." मला आयुष्यात तेवढं कोणी म्हटलं नव्हतं.

एका दसऱ्याला बारा टोप होते, रामलीलेचे. राक्षसांचेच सगळे. महिनाभर आम्ही दोघं शिवत होतो. चिठ्ठ्या मी लिहिल्या. आप्पा माल देऊन परत आले ते हातात नारळ घेऊन. फोडून अर्धा मला दिला, माझी शिलाईही दिली. मग सुई ओवता ओवता म्हणाले, "आते माप लिखू नको. नुस्ता आकडा लिख. शाई वाचस."

"मी तर पेन्सिलीने लिहिते, आप्पा."

"मग पेन्सिल वाचस."

त्यांचं काहीतरी खूळ, म्हणून मी आकडाच लिहू लागले.

पुढच्या दसऱ्याला आप्पांना ताप आला. टोपांचं गाठोडं घेऊन मला पहिल्यांदाच शेठकडे जावं लागलं. मी पदर ओढून दारातच उभी राहिले. शेठ भला माणूस. "आवो बेन, आवो," म्हणाला, पाणी दिलं, आणि हसत विचारलं, "आ वरसे पण माफ ने?"

यंदा काय माफ, मला कळेना. त्याने गल्ल्याच्या वरच्या देवाच्या तसबिरीमागून गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. माझ्याच चिठ्ठ्या. मला लिहायचं होतं, रावण, माप तेवीस. पण शेवटच्या प ला माझ्या पेन्सिलीने लांब शेपूट काढलं होतं. रावण माफ तेवीस. कुंभकर्ण माफ. मेघनाद माफ.

"उखाभाईए तो आखी लंका माफ करी दीधी," शेठ म्हणाला. त्याला वाटलं होतं, रामाचं काम म्हणून आप्पांनी बाराही टोपांची मजुरी माफ केली. त्याने रामलीलेच्या मंडळासमोर त्यांना नारळ दिला होता, पाया पडला होता. मी घाबरत विचारलं, आप्पा काय म्हणाले? शेठ म्हणाला, पहिले चिठ्ठीकडे बघत राहिले. मग विचारलं, हे अक्षर काय आहे. शेठने वाचून दाखवलं तर म्हणाले, "हा, बराबर. सेवा."

येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले. बारा टोपांचे एकशे ऐंशी रुपये त्या माणसाने नारळावर सोडून दिले होते. चूक माझ्या हाताची आहे असं त्यांनी शेठला सांगितलं असतं तर पैसे मिळाले असते. पण मग मी पुन्हा पेन्सिल हातात धरली नसती, हे त्यांना माहीत होतं. आणि मला तर त्यांनी माझी शिलाई पूर्ण दिली होती.

ते एकशे ऐंशी मी मनातल्या मनात पंधराशेत मिळवले. मालकांनाही सांगितलं नाही. दुपारी साड्यांना टिकल्या लावायचं काम घेतलं आणि ते पैसे वेगळे ठेवत गेले.

शेवटचा दहाचा आठवडा आला तेव्हा मी वर गेले. आप्पा भिंतीला टेकून शिवत बसले होते. मी दहाची नोट ठेवली आणि तिच्याशेजारी बाकीचे ठेवले. त्यांनी मोजले.

"हाई जास्त शे."

"लंकेचे आहेत," मी म्हटलं.

आप्पांची सुई थांबली. "कोनी सांगं?"

"शेठनी."

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. "मग नारळनं काय?" म्हणाले. "अर्धा मी बी खाधा." आणि खिशातून दोन रुपये काढून माझ्यापुढे सरकवले, लंकेचे पैसे मी भरले म्हणजे नारळही माझा, म्हणून त्यांनी खाल्लेल्या अर्ध्याचे. मी हसले. त्यांच्यासमोर तीन वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच.

मग ते टोपाकडे बघतच बोलले, "फिटनं सगळं. आते तुले आठवड्याले वर येवानं काही कारण नही."

त्या क्षणी मला दहाच्या नोटांचं कोडं सुटलं. पंधराशे रुपये सात-आठ महिन्यांत फिटले असते तर त्या खोलीचा जिना कोण चढलं असतं? आप्पांचं मागे-पुढे कोणी नव्हतं. होते ते टोप, आणि ते दसरा झाला की परत जायचे.

मला बोलता येत नाही. मी दोन रुपये कनवटीला लावले, त्यांच्या मांडीवरची अर्धी शिवलेली फोड ओढून घेतली आणि पुढे शिवायला बसले.

आप्पांनी पैसे पुन्हा एकदा, सावकाश, पहिल्यापासून मोजले. मग डब्यात ठेवले आणि झाकण लावलं.

"पुरा शे," ते म्हणाले. "एक रुपया बी बाकी नही."