अनधिकृत वादळ

मिरजेचा यासीन लग्नांचे फोटो काढत असे. नवरदेवाला पोट आत घ्यायला सांगायचे आणि दर फोटोत घुसणाऱ्या मामांना बाजूला करायचे, यातच त्याची उमेदीची वर्षे गेली. आता त्याला निदान एक फोटो स्वतःच्या मनासारखा काढायचा होता: वर काळेकुट्ट आभाळ, कडाडणारी वीज आणि खाली धूर ओकणारे वाफेचे इंजिन.

योग असा, की वाफगाडी गौरव समितीने एक जुने इंजिन दिवसभरासाठी कोरेगावला आणायचे ठरवले. यासीन परवानगीसाठी सचिव वीरधवल यांच्यापुढे उभा राहिला.

"वादळात गाडी सोडता येत नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे," वीरधवल म्हणाले. "आणि वादळ नसताना वादळी फोटोला परवानगी दिली, तर तो खोटेपणा होईल."

"मग कसं वो, साहेब?"

"वादळ समितीमार्फतच घेऊ."

लगोलग वादळ उपसमिती नेमली गेली. पावसाला पाण्याचा टँकर, वाऱ्याला मंगल कार्यालयातले पंखे आणि विजेला वरातीतला डीजेवाला त्याच्या लखलखत्या दिव्यांसकट, असे नियोजन झाले. एवढ्या पाण्याने इंजिन गंजेल म्हणून त्यावर मांडव घातला. मांडव म्हटल्यावर स्टेज आले, स्टेज म्हटल्यावर अध्यक्ष लालासाहेबांचा सत्कार आला. इंजिनालाही फेटा बांधला. तो धुरांड्यावर बसल्याने धूर सोडायला मनाई करण्यात आली.

त्या दिवशी भाषणे ऐन रंगात असताना खरेखुरे वादळ आले. मांडव उडाला, मागोमाग इंजिनाचा फेटा उडाला आणि कोंडलेला धूर भसाभसा बाहेर पडला. वीज अशी लखलखली की डीजेवाल्याने कानाला हात लावले.

"थांबा! हे वादळ अनधिकृत आहे!" वीरधवल माईकवर ओरडले. "आपलं चहानंतर आहे!"

यासीन चिखलात आडवा पडला. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"आरं, फोटू काढ की!" लालासाहेब शाल सावरत इंजिनापुढे येऊन उभे राहिले. "नारळ भिजाय लागलाय!"

यासीनने फोटो काढला. लालासाहेब आले होते, पण कोपऱ्यात. बाकी सगळे त्याच्या मनातलेच होते.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब स्टुडिओत आले. "ह्यात मी लय काळा दिसतुय रं. मागचं आभाळ जरा गोरं कर."

"आवं साहेब, वादळ हाय ते!"

"असू दे. वादळाला कोण वळखतंय? मला जिल्हा वळखतो."

आभाळ निळे झाले. निळ्या आभाळातून पाऊस कसा, म्हणून पाऊस पुसला. धुराने प्रदूषण दिसते, म्हणून धूर गेला. इंजिन खांद्यावर येते, म्हणून तेही कापले. शेवटी लालासाहेब उरले आणि त्यांच्यामागे एक चाक.

यासीनला रडू आले. त्याने मूळ फोटो आहे तसा ग्रुपवर टाकला. "कॉम्प्युटरवर बनवलाय, लगेच कळतं," अशी उत्तरे आली. लालासाहेबांनी तिथेच टाकलेल्या स्वतःच्या फोटोवर मात्र अंगठ्यांचा आणि फुलांचा खच पडला.

त्यात एक अंगठा तुमचा होता. फोटो नीट न बघताच तुम्ही खाली लिहिलेत, "वाह! काय वादळी व्यक्तिमत्त्व!"