तनुजाअक्काची बोलती पाटी

"अक्काच्या मनात काय हाय, ते अक्काच्या आधी मला कळतंय!" शिवशंकर गुरुजी हे उमरीत भेटेल त्याला ऐकवत. थोरली बहीण तनुजाअक्का जन्मापासून बोलू शकत नव्हती, हातपायही तिचं धड ऐकत नसत. डोकं मात्र असं तल्लख, की गुरुजींनी फळ्यावर केलेली चूक ती नुसत्या भुवईनं दाखवायची. तिच्यासाठी नांदेडहून बटण दाबलं की बोलणारा टॅब आला. घरात त्याचं नाव पडलं 'पाटी'.

बोलणं शिकवणाऱ्या मंजुश्री मॅडमनी बजावलं होतं, "सर, वाक्यं त्यांना विचारून भरा. रागाची, नकाराची, भांडायचीसुद्धा."

"आमच्या घरात भांडण न्हाईच, मॅडम!" गुरुजी म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, पुनमनं, नुसतं छताकडं पाहिलं.

दोन दिवस खपून गुरुजींनी स्वतःच्या खणखणीत, प्रार्थनेला पोरं उभी करायच्या आवाजात बत्तीस बटणं भरली. 'मला भूक लागली आहे.' 'पंखा लावा.' 'मी आनंदी आहे.' 'धन्यवाद.' 'आपले खूप खूप धन्यवाद.' एकेक अक्षर दाबून शब्द जुळवायचं पानही पाटीत होतं, पण त्याला त्यांनी कुलूप लावलं. आयती वाक्यं असताना अक्काला त्रास कशाला!

मग पुनमला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा! थोरल्या पोराच्या बारशाला अक्काऐवजी चुलतबहिणीला उभं केलं होतं, तेव्हा अक्का दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. आता मात्र तिचा मान तिलाच मिळणार होता. तिनं मनात नावही ठरवून ठेवलं होतं.

गुरुजींनी इंटरनेटवरून एक नाव शोधलं आणि तेहतिसावं बटण भरलं, 'बाळाचे नाव कियांशी.' अक्काला विचारलं? छे! मनातलं आधीच कळतं ना!

बटण ऐकून अक्कानं भावाकडं डोळे वटारले आणि पाटीवर बोट आपटलं, "धन्यवाद."

"बघा, किती खूश झाली!" गुरुजी म्हणाले.

बारशाला पन्नास बायका जमल्या. अक्काची चाकाची खुर्ची पाळण्याला लागली, पाटी बाळाच्या कानाशी आली. "हं अक्का, तेहतीस नंबर!"

अक्काचं बोट थरथरत फिरलं आणि खाली आलं.

"मला बाथरूमला जायचे आहे!" गुरुजींचा आवाज बाळाच्या कानात दणाणला. बाळानं भोकाड पसरलं.

"हेच नाव ठिवलं का गं?" शेजारच्या धोंडाबाईंनी विचारलं.

चौघींनी खुर्ची ढकलत नेली. दाराशी पोचताच पाटी म्हणाली, "मी ठीक आहे." खुर्ची परत! "हं, तेहतीस!"

"मला भूक लागली आहे." घुगऱ्या आल्या. अक्कानं तोंड गच्च मिटलं.

"पंखा लावा." लावला. कुंकवाचं ताट नेमकं पंख्याखाली होतं. क्षणात पन्नास बायका रंगपंचमी खेळून आल्यागत लाल!

"अक्का, असं काय करून राहिलीस?" गुरुजी घामाघूम होऊन म्हणाले.

"डॉक्टरांना बोलवा!" पाटी ओरडली.

मग काय, एकच पळापळ! डॉक्टर जेवणाच्या ताटावरून उठून आले. त्यांनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं. "यांना काही झालं न्हाई. गुरुजी, तुमचं मात्र वाढलेलं दिसतंय."

"आपले खूप खूप धन्यवाद," पाटी म्हणाली. डॉक्टर मग इथल्याच पंगतीला बसले.

"अवो," बाळाला थोपटत पुनम म्हणाली, "अक्काला ते नाव नको हाय."

"मग तसं सांगायचं की तिनं!"

"कोणतं बटण दाबून?"

गुरुजींनी पाटी वरून खाली पाहिली. खालून वर पाहिली. आभाराची बटणं तीन, 'न्हाई'चं एकही नव्हतं. पन्नास बायकांसमोर त्यांचे कान तापले. त्यांना खरोखर लाज वाटली. त्यांनी अक्षरांच्या पानाचं कुलूप काढलं.

अक्का एकेक अक्षर शोधू लागली. बोट घसरायचं, ती पुसायची, पुन्हा दाबायची. सहा मिनिटं पन्नास बायका चिडीचूप! उमरीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. शेवटी पाटी यंत्राच्या आवाजात म्हणाली, "शिवकन्या."

"माझ्यावरून?" गुरुजींनी विचारलं आणि उपरण्यात तोंड लपवलं.

नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. अक्काच्या पाठीला हात लावायला बायका बिचकल्या, तर अक्कानंच पाठ पुढं केली! धोंडाबाईंनी असा एक हाणला, की अक्का खदखदून हसली. मग सगळ्यांनीच हात धुऊन घेतले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वही घेऊन अक्कासमोर बसले. ती जुळवेल ते निमूट उतरवून घ्यायचं. पहिलं आलं, 'न्हाई.' दुसरं, 'आधी मला विचार.' तिसरं, 'शिवा, तू गप बस!'

"आवाज माझाच ठिवायचा ना?" गुरुजींनी आशेनं विचारलं. अक्कानं जुळवलं, "पुनमचा."

पुनमनं बाकीची वाक्यं चारचार वेळा अडखळत भरली. तिसरं मात्र एका दमात, अगदी पोटातून! हल्ली ते बटण अक्कापेक्षा पुनमच जास्त दाबते.