वासुदेवरावांचं चालणं

वडनेरचे वासुदेवराव रोज सकाळी आपल्या वावरात पायी जात. तब्येत ठणठणीत होती आणि पायी जाण्यात काही गैर आहे, अशी समज त्यांना कोणी दिलेली नव्हती. ती मुलाच्या सोयरिकीच्या वेळी मिळाली. ऋतिकला मुलगी द्यायला केळझरचे पाहुणे गाडीने गावात शिरत होते, तेव्हा होणारे व्याही त्यांना रस्त्याच्या कडेने चालत येताना दिसले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

"सासराच पायदळ हिंडते, तं पोरीले काय सुख भेटन, म्हनते," जयवंताबाईंनी नवऱ्याला कारण सांगितलं.

"अवं, घरी फटफटी उभी हाय ना."

"उभी हाय म्हनूनच तं. पेट्रोलचीबी सोय नाई वाटते, असं म्हनून राह्यले."

वासुदेवरावांनी चालणं तत्काळ बंद केलं. वावरात, देवळात, हाकेच्या अंतरावरच्या शेजाऱ्याकडेही ते गाडीने जाऊ लागले. गावात मान वाढला. सोबत पोट वाढलं, रक्तातली साखरही वाढली. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही चालणं-फिरणं होतं का?"

"नाई जी," वासुदेवराव अभिमानाने म्हणाले. "देवाच्या कृपेने आता तशी वेळ नाई येत."

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं आवश्यक होतं, मात्र ते रस्त्यावर करणं घराण्याला परवडणारं नव्हतं. ऋतिकने हप्त्यांवर चालण्याचं मशीन आणलं. ते समोरच्या खोलीत, खिडकीला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बसवण्यात आलं. त्यासाठी तिथला दिवाण बाहेर निघाला आणि त्यावर झोपणारे वासुदेवरावांचे वडील, अण्णाजी, पडवीत गेले.

पुढची सोयरीक एकाच बैठकीत जुळली. मुलीच्या वडिलांनी मशीनवरून हात फिरवला.

"तुमी सोता चालता याच्यावर?"

"रोज."

"मोठ्या लोकायचं काम हाय हे," ते म्हणाले, आणि वर्षाली सून होऊन घरात आली. शेजारच्या नत्थूजींनी लगोलग जास्त रुंद मशीन आणलं. त्यांना साखर नव्हती, पण डॉक्टरांनी ती होण्याची आशा दाखवली होती.

अशात गावातून वावरांकडे जाणारा पांदण रस्ता मंजुरीला आला. पाहणीसाठी आलेल्या साहेबांनी ग्रामसभेत विचारलं, "वावराकडे पायी जाणारे किती जण आहेत?"

सभा जमिनीकडे बघत राहिली. निंदणाच्या मजूर बायांनी हात वर केले असते, पण सभेच्या वेळी त्या निंदणाला गेल्या होत्या, पायी. शेवटी वासुदेवराव उठले.

"साहेब, आमच्या गावात कोनी पायदळ जात नाई. तशी परिस्थितीच नाई राह्यली."

टाळ्या पडल्या. लाभार्थी पादचारी आढळून न आल्याने सदर रस्ता अनावश्यक ठरवण्यात आला.

श्रावणातल्या एका संध्याकाळी वासुदेवराव मशीनवर घामाघूम होऊन चालत होते. चालून चालून ते खिडकीपाशीच होते. बाहेरून त्या मजूर बायांमधली जिजाबाई निंदण आटोपून घरी परतत होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेली.

"किती चालते बिचारी," वासुदेवराव सुनेला म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता.

वर्षालीने मान हलवली आणि सासऱ्यांना घाम पुसायला टॉवेल दिला. घरातल्या सगळ्यांनाच जिजाबाईची दया आली. आपल्यालाही आलीच असेल. आपणही काही पायी जाणाऱ्या घरातले नसाल.